तुरीच्या तीन ओळी

मला बी.एस्सी.ला गणितच घ्यायचं होतं. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, हे मी आजही छाती काढून सांगतो. पण सांगलीला आमचे सर गणित मागणाऱ्याला आधी एक कोडं घालत. सुटलं तर गणित, नाही तर दुसरा विषय बघा.

माझ्यासाठी त्यांनी फळ्यावर एका ओळीत नऊ ठिपके काढले. "तीन-तीनचे गट करा. गटातल्या ठिपक्यांत अंतर सारखं हवं, एकही ठिपका उरायला नको. किती तऱ्हांनी होईल?"

मी जागेवरच मांडून बघितलं आणि ठणकावून सांगितलं, "चार."

"एक राहिली. उद्या या."

खोलीवर येऊन जमिनीवर नऊ चिंचोके मांडले. शेजारी शेजारी तीन घेतले, एकाआड एक घेतले, दोन सोडून घेतले. फिरून फिरून चारच. इस्लामपूरकडचा माझा खोलीदोस्त खाटेवरनं बघत होता.

"गड्या, गणित ऱ्हाऊ दे. माझ्यासंगं वनस्पतीशास्त्राला चल. बेडूक तरी कापायला न्हाई लागायचा."

"गप रं."

"न्हाई, पर ह्यो पहिला आन् ह्यो शेवटचा, दोघं कधी एका गटात बसवलंस का? का त्येंचं भांडान हाय?"

नव्हतं बसवलं. इतक्या लांबचे एकत्र घेतले तर मधले विस्कटणार, असं मी धरूनच चाललो होतो. आणि एकदम आमचं कराडकडचं रान डोळ्यांपुढं आलं. तिफणीच्या एका फेरीत भुईमुगाच्या तीन ओळी, मग तुरीची एक. परत तीन, परत तूर. बी सोडायला तिफणीच्या चाड्यावर मूठ धरलेली आई म्हणायची, "तूर लांब लांबच बरी, न्हाईतर भुईमुगावर सावली पडती."

पहिला, पाचवा, नववा चिंचोका म्हणजे तूर. मधे दोन्हीकडं तीन-तीन भुईमूग. झाली पाचवी तऱ्हा!

दुसऱ्या दिवशी सरांना ती तुरीसकट सांगितली. ते हसले आणि ओळीत आणखी तीन ठिपके वाढवले. "आता बारा."

याला दोन दिवस गेले. पंधरा तऱ्हा निघाल्या. सरांनी एकेक तपासली आणि म्हणाले, "सोमवारपासून गणिताच्या वर्गात बसा."

मी जवळजवळ पळतच खोलीवर आलो. म्हटलं, चिंचोके काढ, आता पंधरा ठिपके मांडून बघू.

"कुठलं चिंचोकं?" दोस्त दाढेखाली काहीतरी फोडत म्हणाला. "भाजलं की मी. घे, तुझ्या वाटणीचं तीन ठेवल्यात."