पहिल्या रोमधला श्वास

लोटनआप्पांचा श्वास कमी पडत होता, आणि आम्ही मशीन दुरुस्तीला पाठवलं.

आज त्यांचा स्मृतिदिन. दर वर्षी या दिवशी आधी हेच आठवतं.

नव्वदच्या दशकातलं सुरत. एका छोट्या ट्रस्टने लूमच्या आणि डाईंगच्या कामगारांच्या छातीचा सर्व्हे काढला होता. मी स्टॅटिस्टिक्स शिकून नुकती लागलेली, आप्पा माझे सीनियर. दोघंही सुरतेतल्या डिंडोली या खानदेशी वस्तीतले, दोघांच्याही घरी अहिराणी. मला ते 'माय' म्हणायचे. ऑफिसातल्या गुजराती मंडळींना आम्ही नातेवाईकच वाटायचो.

कॉलेजची फी भरायला आप्पांनी भेस्तानकडच्या एका डाईंग हाउसमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, बरीच वर्षं काढली होती. केमिकलच्या ड्रमांना टेकून झोपायचो, असं हसत सांगायचे.

आम्हीही हसायचो.

काम असं होतं. कामगाराने नळीत जोरात फुंकायचं. मशीन त्या श्वासाची अख्खी रेषा काढायचं, वर चढलेली आणि मग उतरत गेलेली. तिच्यातून एक आकडा काढायचा आणि टेबलात भरायचा, अशी जगाची रीत.

आप्पा हट्टी. त्यांनी प्रोग्रॅमच असा लिहिला की एका कॉलममध्ये प्रत्येकाच्या नावापुढे आकडा नाही, अख्खी रेषा बसायची. एका चौकटीत एक आकडा, हे आम्ही कॉलेजात घोकलेलं. हे म्हणजे चौकटीत अख्खा माणूस कोंबण्यासारखं होतं.

"आकडा म्हणजे डब्याचं झाकण," म्हणायचे. "आत भाजी कोणती, झाकणावरून कळतं का?"

प्रिंट काढलं की तो कॉलम मुका. आत काहीतरी आहे, एवढंच दिसायचं. ट्रस्टचे साहेब वैतागायचे.

रोज सकाळी कामगार यायच्या आधी आप्पा स्वतः फुंकायचे. ती पद्धतच होती. धडधाकट माणसाने आधी फुंकायचं, नेहमीचा आकडा आला की मशीन ठीक. आमचा धडधाकट माणूस म्हणजे आप्पा. बिडी नाही, तंबाखू नाही. टेबलातला पहिला रो त्यांचा, आणि त्या एका चौकटीत त्यांच्या रोजच्या रेषा साठत गेल्या.

मग त्यांचा आकडा उतरायला लागला.

थोडा. मग आणखी थोडा.

मशीन कमी दाखवतंय, आप्पा म्हणाले. आम्हालाही पटलं. जिना चढून आल्यावर त्यांना बोलायला वेळ लागायचा, ते दिसत होतं. पण उन्हाळा होता, उन्हाळ्यावर ढकललं.

साहेब म्हणाले, "लोटनभाई, मशीन मुंबई मोकली दो."

पाठवलं. आणि आधीच्या तपासण्यांचे आकडे? स्वतःचा आकडा जितका पडला होता, तितका आप्पांनी सगळ्यांचाच वाढवून लिहिला. हिशेब चोख होता. आजारी कामगार कागदावर बरे झाले. त्यांना कामावर परत घ्यायच्या चिठ्ठ्यासुद्धा टाईप झाल्या.

मशीन परत आलं. मुंबईचा मेकॅनिक फोनवर म्हणाला, काही बिघाड नाही.

आप्पांनी फुंकलं. आकडा तोच, पडलेला.

त्यांनी मला पहिल्या रोची चौकट उघडायला सांगितली. त्यांच्या सगळ्या रेषा एकाच चित्रात काढल्या. मशीन खराब असतं तर सगळ्यांच्याच रेषा ठेंगण्या व्हायला हव्या होत्या. पण जे कामगार पुन्हा येऊन फुंकून गेले होते, त्यांच्या रेषा होत्या तशाच होत्या. आप्पांची एकट्याची रेषा उतरताना मध्येच खचत चालली होती, जुन्या बाजेसारखी.

त्या खचलेल्या जागेवर त्यांनी बोट ठेवलं.

"माय, मशीन नही बिघडनं. मीच बिघडनू."

मला मशीनचा राग आला. खरंच सांगते. एवढं मुंबईला जाऊन आलं, बिघडलेलं असायला काय झालं होतं त्याला?

आप्पा घाबरले होते. पण त्यांनी पहिलं विचारलं ते चिठ्ठ्यांचं, गेल्या का म्हणून. गेल्या नव्हत्या. जुने आकडे आम्ही खोडून बसलो होतो, पण रेषा चौकटीत जशाच्या तशा होत्या. त्यातून खरे आकडे पुन्हा काढले. चिठ्ठ्या फाडल्या.

आज माझे विद्यार्थी प्रोग्रॅमच्या एका ओळीत असा कॉलम बनवतात आणि विचारतात, मॅडम, याचा उपयोग काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी नळी माझ्या हातात दिली. आता तू फुंकायचं, म्हणाले. पहिला रो माझ्या नावावर केला.

मग स्वतःचा रो, साठलेल्या सगळ्या रेषांसकट, उचलून खाली नेला. कामगारांच्या रांगेत, सगळ्यात शेवटी. नाव घातलं, वय घातलं, गाव घातलं.

धंद्याच्या कॉलमात लिहिलं, 'डाईंग'.

दशक संपायच्या आत ते गेले.

आप्पा, भरल्या मनाने नमस्कार. तिथे तरी श्वास पुरू दे तुम्हाला.