गिरणीबाहेर ठेवलेला देव

ती घटना आठवली की आजही घास गोड लागत नाही. औंढा नागनाथच्या बाजूला एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सरपंचपदाचा निकाल लागला आणि दुसऱ्याच दिवशी सायंकाळी एका गावातली हळदीची गिरणी पेटली.

ही गिरणी बचत गटाच्या बायांची. काही गावातल्या, बाकीच्या तांड्यावरच्या. हळद दळून विकू लागल्यापासून त्यांच्या पोरी तालुक्याला शिकायला जात होत्या. गटाची प्रमुख बाई सरपंचपदाला उभी राहिली आणि थोडक्यात पडली.

खबऱ्याने सांगितले, निवडून आलेल्याच्या पुतण्याला डिझेलचा डबा नेताना पाहिले. त्याला उचलून आणले. डिझेल शेतातल्या इंजिनासाठी होते, हेच तो सांगत राहिला. खोटे बोलणाऱ्याची गोष्ट दर वेळी थोडी सुधारते. याची जशीच्या तशी होती.

म्हणून मी जळालेली जागा पुन्हा पाहिली. कुलूप तोडलेले नव्हते. बाहेर लिंबाखाली गिरणीतल्या देवाची तसबीर नीट टेकवून ठेवली होती, काजळीचा डागही नाही. वैरी माणूस आग लावण्याआधी देव बाहेर काढत बसत नाही. किल्ली गटप्रमुख बाईकडे आणि तिच्या नवऱ्याकडेच असे. बाई त्या वेळी तांड्यावर होती.

नवऱ्याला ठाण्यात बसवून चहा दिला आणि विचारले, "देव कुणी बाहेर काढला?"

त्याने कप खाली ठेवला. "म्याच. माझ्याच वट्यावर समद्या बायांनी बेलभंडारा उचलला व्हता. तरी बायको पडली. असल्या बायांची गिरणी काहून ठेवू?"

आपल्याकडे बेलाचे पान आणि हळद हातात घेऊन शपथ घेतली की ती मोडत नाहीत. याने मतासाठी बायांना ती घ्यायला लावली होती.

अटकेची नोंद होत असताना त्याचा धाकटा भाऊ भाकरी घेऊन आला. सगळे ऐकून त्याने भाकरी बाजूला ठेवली.

"बायांनी मत दिलं, दादा. आमच्या घरचंच एकबी वहिनीला पडलं न्हाई. तू परक्याकडून भंडारा उचलून घेतला, आमच्या दारात मत मागायलाबी आला न्हाई. लई लागलं."

बाईही ठाण्यात आली होती, शेजारीच उभी होती. ती रडली नाही. "आता कोणत्या तोंडानं बोलावू गटातल्या बायांना?" एवढेच म्हणाली.

पुतण्याला आम्ही सोडले, नवऱ्यावर दोषारोपपत्र दाखल केले. बाई घरोघर माफी मागत फिरली. तपासादरम्यान जबाबासाठी तांड्यावर गेलो तेव्हा गटातली एक म्हातारी मला म्हणाली, "गिरणी जळायच्या आधीच मन जळलं, सायेब. भंडारा उचलाया लावला तवाच. न उचलताबी मत तिलाच व्हतं."

गिरणी पुन्हा उभी राहिली नाही. त्या गावची हळद आता न दळता अख्खीच बाजाराला जाते. नोकरीत मी अनेकांना शपथेवर बोलायला लावले, ते कामच होते. पण घरात कुणी काही सांगितले तर "खरंच का?" असे मी आता विचारत नाही.