ऑईल जातं कुठं?

"मिस्त्री, चाबी मले द्या. आजपासून हा माझ्या गाडीले हात लावणार नाही!"

वसंतराव माझ्या गॅरेजच्या दारातच ओरडले. नरखेडकडचे संत्रा व्यापारी. बाजूला त्यांचा ड्रायव्हर रमेश, चाबी माझ्या हाती देऊन मान खाली घालून उभा. नव्या ड्रायव्हरला फोन झालेला, तो निघालाही होता.

तक्रार अशी : पिकअप जुनी. क्लचचं पॅडल मधेच तळाला जातं, गिअर कर्रकर्र वाजतो. ब्रेक ऑईल टाकलं की पुन्हा चालू.

"डब्यावर डबे आणून देतो मी. खाली एक थेंब दिसत नाही. मग ऑईल जातं कुठं? बाहेर इकून पैसे खाऊन राहिला हा!"

"मालक, लेकीची आण," रमेश एवढंच बोलला.

रमेशला मी मिसरूड फुटल्यापासून ओळखतो. पण ओळखीनं गळती सापडत नाही.

या गाडीत क्लचला वायर नसते. पॅडल दाबलं की वरचं छोटं सिलिंडर ब्रेक ऑईलच ढकलतं, ते पाइपातून खाली जातं आणि खालचं सिलिंडर क्लच सोडवतं. ऑईल कमी पडलं की पाय नुसताच खाली जातो. ऑईल काही हवेत उडत नाही. गळत नसेल, तर मग वसंतराव म्हणतात तेच खरं.

गाडी जॅकवर घेतली. खालचं सिलिंडर कोरडं. पाइपाचे जोड कोरडे. गिअरबॉक्सखाली बोट फिरवलं, नुसती धूळ. बॉनेट उघडलं, वरचं सिलिंडरही बाहेरून कोरडं. मी जितकं तपासत होतो, तितका रमेश चोर ठरत होता.

"झालं समाधान?" वसंतरावांनी विचारलं.

"थांबा हो! घाई काहून करून राहिले?" मी खेकसलो. खरं तर मलाच काही सुचत नव्हतं.

पॅडल दाबून पाहावं म्हणून केबिनमध्ये चढायला गेलो, तर वसंतराव धावले. "चप्पल काढा मिस्त्री! लक्ष्मी आहे ते. माझ्या गाडीत कोणीच चप्पल घालून चढत नाही."

काढली बापा. पॅडलखाली जाड कारपेट होतं. त्यावर अनवाणी पाय ठेवला आणि चिकट लागलं. तसाच खाली उतरलो.

"रमेश, पाय दाखव."

"कोणता?"

"दोन्ही दाखव गा!"

उजवा धड होता. डावा तळवा लालबुंद, साल निघालेली. क्लच डाव्या पायाचा.

"बोलला काहून नाही?"

"कारपेट रोज धुवा लागते, ओलंच राहते ते. वाटलं, संत्र्यावर फवारलेलं औषध लागलं असंल. अन् पाय दुखते म्हटलं तर गाडी कोण देते मले?"

मी कारपेट उचललं. खालच्या पत्र्याचा रंग फुगून निघाला होता. ब्रेक ऑईल रंग खातं, कातडंही सोडत नाही. वरच्या सिलिंडरचं पॅडलच्या बाजूचं रबरी सील गेलेलं. ऑईल पॅडलच्या दांडीवरून केबिनमध्ये उतरायचं आणि कारपेट ते पिऊन टाकायचं. खाली थेंब दिसणार कुठून?

नवं सिलिंडर बसवलं, पाइपातली हवा काढली. पॅडल टणक झालं तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. वसंतराव तोवर त्या कारपेटकडेच बघत बसले होते. मग त्यांनी फोन लावला. "येऊ नको गा. माझा ड्रायव्हर आहे."

माफी काही मागितली नाही त्यांनी. रमेश सवयीनं दाराशी चप्पल काढायला वाकला, तेव्हा मात्र म्हणाले, "राहू दे. घालूनच बस."

आता क्लचचं ऑईल कमी होतं म्हणून कोणतीही गाडी आली, की खाली शिरायच्या आधी मी ड्रायव्हरचा डावा पाय बघतो.