कांताबाईंच्या गाडीचं दुसरं इंजिन

वारज्यातली सोसायटी पाडून नवी बांधायचं ठरलं आणि जो तो भाड्याची जागा शोधायला लागला. कांताबाईंना जागा चटकन मिळाली, पण तिथे गाडी लावायची सोय नव्हती. गाडी म्हणजे त्यांची पंचावन्न सालची निळी मॉरिस मायनर. ती विकून टाकते, असं त्यांनी बंगळुरूला राहणाऱ्या मुलीला, पूर्वाला, फोनवर सांगितलं आणि तेव्हापासून त्यांचा पाय घरात ठरेना. कुकर लावायचा आणि शिट्टी व्हायच्या आत खाली जाऊन गाडीभोवती एक फेरी मारून यायचं, असं सुरू झालं.

कांताबाई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. त्यांचे यजमान भीमराव पाटबंधारे खात्यात. खडकवासल्याजवळ एका निवृत्त अधिकाऱ्याच्या शेडमध्ये ही गाडी धूळ खात पडलेली भीमरावांनी पाहिली आणि भंगाराच्या भावात उचलली. पण लहानपणी विटी लागून त्यांचा एक डोळा गेलेला, त्यामुळे लायसन्सचा प्रश्नच नव्हता. मग गाडी शिकल्या कांताबाई. भीमराव दुरुस्त करायचे आणि त्या चालवायच्या. नऊवारीतल्या आईला मागे आणि नवऱ्याला शेजारी बसवून बाई गाडी हाकते आहे, हे त्या काळी पुण्यालाही नवं होतं. कर्वे रस्त्यावर एका गृहस्थांनी भीमरावांना विचारलं होतं, "का हो, ड्रायव्हर रजेवर वाटतं?"

"नाही, कामावर आहेत," भीमराव म्हणाले. "आपल्याला कुठे सोडायचंय का?"

भीमराव गेल्यावरही रविवारी सकाळी कांताबाई गाडी बाहेर काढत. गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा तेही थांबलं.

जुन्या गाड्यांची दलाली करणारे रंगराव गाडी बघायला आले ते खिशात लोहचुंबक घेऊन. फडक्यात गुंडाळलेलं चुंबक त्यांनी पत्र्यावरून हळूहळू फिरवलं. मागच्या मडगार्डवर ते एका जागी सुटलं.

"इथे लांबी, म्हणजे पुट्टी भरलीय. रंगाखाली पत्रा नाही."

"दूधवाल्याची सायकल आदळली होती. यांनीच भरली ती."

"सीट?"

"मी बुटकी म्हणून यांनी उंच करून घेतली."

रंगराव हो हो करत मनातल्या मनात वजाबाकी करत होते, हे कांताबाईंना दिसत होतं. काचा मूळच्या, मीटर मूळचे, दाराच्या कड्या मूळच्या, हे ऐकताना मात्र रंगरावांचा चेहरा उजळे. म्हणजे भीमरावांनी ज्याला हात लावला ते सगळं वजा आणि ज्याला हात लावला नाही ते जमा. कांताबाईंना हा हिशेब घशाखाली उतरेना.

शेवटी बॉनेट उघडलं. रंगराव बराच वेळ वाकून पाहत राहिले. "बाई, हे गाडीबरोबर आलेलं इंजिन नव्हे."

"नाहीच. पहिलं कात्रजच्या घाटात जाम झालं. तेल बघायचं राहून गेलं होतं. मग यांनी जुन्या बाजारात याच जातीचं दुसरं शोधलं, बसवलं आणि आरटीओत नोंदवूनही घेतलं."

"नोंदवलंय ना? मग आरसी पुस्तकात आणि इंजिनावर नंबर एकच. आता आपण होऊन काही बोलायचं नाही. मूळ इंजिनाच्या गाडीला जवळपास दुप्पट भाव मिळतो."

त्या दिवसापासून कांताबाईंची झोप तर उडालीच, दिवसाही त्या एका जागी बसेनात. सामान बांधायला घ्यायच्या आणि अर्धवट भरलेला खोका तसाच टाकून खाली जायच्या. पूर्वाला विचारलं तर ती म्हणाली, "आई, तू खोटं कुठे बोलतेयस? फक्त सांगत नाहीयेस. मार्केटच असं आहे." हे ऐकून जीव शांत व्हायचा तर आणखीच खालीवर व्हायला लागला.

रंगरावांनी गिऱ्हाईक आणलं. आमोद नावाचे आर्किटेक्ट, उंच, मृदू बोलणारे, प्रभात रस्त्याला बंगला असलेले. गाडी पाहून ते हरखले. वर येऊन चहा घेताना म्हणाले, "पहिल्या इंजिनाची मायनर हल्ली मिळतच नाही हो. रंगराव म्हणाले तेव्हा मला खरं वाटेना."

रंगराव कपात बघत राहिले. कांताबाई उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, कुणी न मागितलेली बिस्किटं घेऊन आल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. आमोद यांनी चेकबुक काढलं.

"ते आत ठेवा," कांताबाई म्हणाल्या. "इंजिन दुसरं आहे." आणि घाटापासून जुन्या बाजारापर्यंतचं सगळं त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं.

आमोद यांनी चेकबुक खिशात टाकलं. "मला विचार करावा लागेल," एवढंच म्हणून ते गेले.

रंगराव चपला घालता घालता म्हणाले, "बाई, खरं बोलण्याचा भाव आता कळेल तुम्हाला."

"कळू दे. एवढी वर्षं कुणी काढलाच नव्हता."

तोंडाने बोलल्या खऱ्या, पण पुढचे दिवस वाईट गेले. बिल्डरची माणसं रोज येऊन कधी रिकामं करताय विचारत. भंगारवालाही एकदा चौकशी करून गेला. आपण उगाच शहाणपणा केला का, हा विचार त्यांना भांडी घासताना यायचा, पाणी भरताना यायचा. भीमराव असते तर बोलले असते की गप्प बसले असते, हेही त्या मनाशी घोळवत.

आणि एका दुपारी आमोद एकटेच आले. "अजून काय काय बदललंय, सगळं सांगाल?"

दोघं गाडीत बसली. कांताबाईंनी पुढच्या बंपरपासून सुरुवात केली. आरसा कुठून आणला, हॉर्न कशाचा, वायरिंग कितीदा केलं. काहीच लपवलं नाही. सांगता सांगता त्या आठवणींत हसल्याही.

"एवढं कुणी सांगत नाही," आमोद म्हणाले. "तुम्ही बदललेलं सांगताय, म्हणून मूळचं म्हणताय त्यावर विश्वास बसतो. मी घेतो. पण रंगरावांनी सांगितलेला भाव नाही देता येणार."

"ठीक आहे."

"आणखी एक. मी ती कारखान्यातून निघाली तशी करणार. सीट, रंग, हॉर्न, सगळं निघेल."

कांताबाईंनी स्टिअरिंगवरून पदर फिरवला. "ती तुमची झाली की काय हवं ते करा. फक्त मला कळवू नका."

गाडी न्यायच्या दिवशी किल्ली देऊन त्या लगेच वर गेल्या. बघायचंच नाही असं ठरवलं होतं. पण फाटकाशी गिअर करकरला तशा त्या गॅलरीत आल्या. मॉरिस गचके खात चौकाकडे निघाली होती. कांताबाई गुडघ्यांची तमा न बाळगता जिना उतरल्या. वारज्याच्या चौकात नेहमीप्रमाणे गाड्या तुंबल्या होत्या, म्हणून गाठ पडली. त्यांनी काच वाजवली, दार उघडलं आणि शेजारी बसल्या.

"दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना ती थांबू द्या पूर्ण. जबरदस्ती करू नका."

"अहो, असंच सांगत राहिलात तर बरं होईल," घामाघूम झालेले आमोद म्हणाले.

कर्वेनगरपर्यंत त्या सांगत राहिल्या. क्लच कधी सोडायचा, चढाला किती आधी गिअर टाकायचा, गार इंजिनाला घाई नको. पुढे आमोद यांचा हात बसला, गाडी सरळ चालू लागली. बसथांब्यापाशी कांताबाईंनी थांबवायला सांगितलं, उतरल्या आणि दार ओढून नीट लागलं की नाही ते पाहिलं.

वारज्याची बस बऱ्याच वेळाने आली. खिडकीची जागा मिळाली. घरी सगळे खोके बांधायचे राहिले होते, त्यातले स्वयंपाकघरातले आधी घ्यावेत की कपाटातले, याचा विचार करत त्या बसून राहिल्या.