हिब्रूत मोजणारे मामा

हिब्रूत मोजून भाकरी खाणारे गृहस्थ आमच्या राहुरी तालुक्यात एकच होऊन गेले, आणि ते माझ्या पत्नीचे मामा होते. गणिताचे शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांना रद्दीत हिब्रू व्याकरणाचे जुने पुस्तक मिळाले. तेव्हापासून पहिली भाकरी ताटात पडली की 'अहत', दुसरीला 'श्तायिम', तिसरीला 'शालोश' असा गजर सुरू झाला. उसाला पाणी देणाऱ्यालाही बांधावर थांबवून ते सांगत, की हिब्रूतला चारचा 'अर्बा' हा अरबीतल्या चारचा चुलतभाऊ, आणि वीस म्हणजे दहाचेच अनेकवचन. एकदा मला म्हणाले, "जावईबापू, तिकडे आकड्यालाही लिंग असतं, आणि त्याची तऱ्हाच उलटी. तीन बैल म्हणायचे तर तिनाला लुगडं नेसवायचं, तीन गाई म्हणायच्या तर धोतर!" चुलीपुढून मामी म्हणाल्या, "आदी दावनीच्या दोन गाईंना वैरन टाका, मंग तिसरीला धोतर नेसवा."

वाचनालयाने त्यांना व्याख्यानाला बोलावले, तेव्हा तीन महिने खपून त्यांनी वही भरली. हिब्रूत अक्षरांनीच आकडे लिहितात. पंधरासाठी दहा आणि पाचाची अक्षरे शेजारी आली की देवाच्या नावाची अक्षरे होतात, म्हणून तिथे नऊ आणि सहा लिहितात. आपल्याकडेही खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणतात. साध्या मोजण्यापुढेही माणूस असा संकोचाने उभा राहतो, एवढेच त्यांना सांगायचे होते. परिचय मी करून द्यायचा होता. मी म्हणालो, "मराठी पाढे विसरल्यामुळे मामा परदेशी आकड्यांकडे वळले आहेत." सभा हसली. मला चेव चढला, आणि घरात विश्वासाने सांगितलेले ते लुगडे-धोतरही मी चव्हाट्यावर मांडले. मग मामांच्या प्रत्येक हिब्रू शब्दाला हशा. मागून कोणी ओरडले, "मामा, धोतर नीट नेसवा, सुटंल!" पंधरापर्यंत ते पोहोचलेच नाहीत. वही मिटून, सर्वांचे आभार मानून खाली बसले.

पुढे त्यांनी मोजणेच सोडले. "आता मुकाट जेवत्यात," मामी मला म्हणाल्या, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. माफी मागायला मला दोन वर्षे लागली. तोवर मामांनी अंथरूण धरले होते. माझे बोलणे त्यांनी पुरते होऊही दिले नाही. "अहो, तुम्ही हसवलंत म्हणून तर लोक बसले. नाहीतर मी पंधरावर पोचेपर्यंत सतरंज्या उचलल्या असत्या." मला बरे वाटावे म्हणूनच ते तसे बोलले, हे मला त्याच क्षणी कळले होते. तरीही मला बरे वाटले. आणि आज, ते नसताना, अधिक लाज वाटते ती त्याचीच.