न पडलेली पाकळी

देवी आपलं ऐकते का, अशी शंका मला त्या दिवसांत येऊ लागली होती. आमचे हे मुंबईची नोकरी संपवून लांज्याजवळच्या आमच्या गावी परतले आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या घशाखाली घास उतरेनासा झाला. घशातला तुकडा रत्नागिरीला तपासायला गेला होता. रिपोर्ट उपकेंद्रातल्या शबाना सिस्टरच्या मोबाइलवर मेसेजने यायचा होता. पण गावात रेंज नाही. ती मिळते फक्त वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळावरच्या देवीच्या देवळापाशी. म्हणून सिस्टर रोज दुपारी तिथे चढून यायच्या आणि पायरीवर मोबाइल घेऊन बसायच्या.

त्या दुपारी मी गुरवाला कौल लावायला सांगितलं. देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "आये, हिचा कुंकू राखणार असशील तर उजवी दे." पाकळी हलेना. मला रागच आला. इतकी वर्षं तुझी ओटी भरली आणि आज मिठाची गुळणी धरून बसलीस? मनातल्या मनात तिला असं सुनावून मी तरातरा बाहेर आले.

मेसेज केव्हाच आला होता. मी आत हात जोडून उभी, म्हणून सिस्टरनी हाक मारली नव्हती. त्यांनी मला शेजारी बसवलं. "काकी, रिपोर्ट चांगला नाही," एवढंच म्हणाल्या आणि मला जवळ घेतलं. त्यांच्या ओढणीत तोंड खुपसून मी ओक्साबोक्शी रडले. मग त्या माझ्याबरोबर घरी आल्या, यांच्या उशाशी बसून सगळं नीट सांगितलं, आणि शेवटपर्यंत येत राहिल्या. भात कापून घरात आलं आणि हे गेले.

दिवसकार्य आटोपल्यावर गुरव भेटला. म्हणाला, "वयनी, त्या दिवशी सांजपर्यंत बसून ऱ्हायलो मी. पाकळी पडली नाय. ना उजवी, ना डावी."

या वेळी मी देवीशी भांडले नाही. नाही म्हणणं तिच्याही जिवावर आलं असेल. तिला सांगवेना, म्हणून सांगणारं माणूस तिने आधीच पायरीवर आणून बसवलं होतं. एवढी कृपा मला पुरली.

आता ओटी भरण्याचा मान माझा नाही. फूल ठेवते, काही मागत नाही, आणि बाहेर सिस्टरजवळ बसते. एखादा मेसेज त्या दोनदा वाचतात आणि उठतात. कुणाचा, काय, ते सांगत नाहीत. नुसतं म्हणतात, "काकी, येता माझ्याबरोबर?" मी चपला घालते.