पुठ्ठ्यातलं मधलं पान

मंगळवार, ११ फेब्रुवारी १९९२. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आदिलाबादच्या भाजीबाजारामागच्या गल्लीत नागोराव बाइंडर पितळी परातीत पुठ्ठा भिजवत बसले होते. पाणी कोमट होतं. त्यांच्या बायकोनं, मथुराबाईंनी, ते चुलीवरून दुसऱ्यांदा आणून दिलं होतं. पुठ्ठा जाड आणि करडा, इंद्रवेल्लीच्या कचेरीतल्या जमिनीच्या रजिस्टराचा. संक्रांतीनंतर नागोरावांनीच तो बनवला होता. आता तोच ते सोलत होते, एका वेळी एक कागद.

रजिस्टराला पुठ्ठे दोन. पुढचा सोमवारी संध्याकाळी सोलून झाला. त्यात तेलुगू वर्तमानपत्रं निघाली, एक लग्नपत्रिका निघाली, सातवीची गणिताची प्रश्नपत्रिका निघाली. हवं होतं ते पान निघालं नाही. राहिला मागचा.

"निघते काय?" मथुराबाईंनी विचारलं.

"ओढलं तं फाटते. भिजू दे."

"चाळीस वर्षं झाली लगनाले, एवढ्या नाजूक हातानं मले कदी पानी बी नाई देल्लं."

नागोराव हसले नाहीत. ते पान फाटलं, तर दुसरं मिळणार नव्हतं. नागपूरच्या प्रकाशकाकडं त्या पुस्तकाची एकही प्रत शिल्लक नव्हती. वाचनालयाच्या सुधाकररावांनी शनिवारीच ट्रंककॉल करून विचारलं होतं.

नागोरावांचं वय अठ्ठावन्न. निजामाच्या काळात शाळा उर्दू, म्हणून ते उर्दू चौथी शिकले. सोळाव्या वर्षी हैदराबादला एका उस्तादाकडं जिल्दसाजी, म्हणजे पुस्तकबांधणी, शिकायला गेले आणि अकरा वर्षांनी परत येऊन १९६१ साली हे दुकान टाकलं. मराठी अक्षरं त्यांना मथुराबाईंनी शिकवली. त्या किनवटच्या, मराठी चौथी पास. पुस्तकाचं नाव आणि पानाचा आकडा एवढं वाचता येऊ लागल्यावर नागोरावांनी शिकणं थांबवलं. त्याहून जास्त लागत नव्हतं. उस्तादानं धंद्याचा एकच नियम दिला होता: नजर नंबर पे, मजमून पे नहीं. मजमून म्हणजे मजकूर. बाइंडर वाचत बसला, की त्याचा हात थांबतो, आणि हात थांबला, की खळ वाळते. एकतीस वर्षांत शाळांची, कचेऱ्यांची, वाचनालयाची हजारो पुस्तकं त्यांच्या हाताखालून गेली. त्यांनी एकही वाचलं नव्हतं, आणि एकाचंही पान मागंपुढं झालं नव्हतं. ही दुसरी गोष्ट ते गिऱ्हाइकाला न विचारता सांगत.

मग 'पावलांखालची पावलं' आलं.

ती मोठ्या मुलांसाठी लिहिलेली भयकादंबरी होती. डिसेंबरात वाचनालयात आली, आणि महिन्याभरात मराठी शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलींनी तिचा पार चोथा करून टाकला. शिवण उसवली, कोपरे झिजले. तरी यादीत सतरा नावं बाकी होती. तेव्हा सुधाकररावांनी बांधणीला निघालेल्या चाळीस पुस्तकांच्या गठ्ठ्यात ती घातली.

नागोरावांनी शिवण सोडली. सोळा पानांची एक घडी, तिला ते उस्तादाच्या शब्दात जुज म्हणत. असे बारा जुज निघाले. पहिले सहा सरळ. पुढचे सहा उलटे, डोकं खाली. दोन्हीकडं आकडे एक ते शहाण्णव. आणि मधोमध एक सुटं पान चिकटवलेलं, त्याला आकडाच नाही. त्याच्यावर एक ओळ सुलट, एक ओळ उलट, अशी सगळी छपाई.

"छापखान्यात पिऊन होते वाटते," ते त्या दिवशी मथुराबाईंना म्हणाले होते.

त्यांनी उलटे सहा जुज सरळ केले आणि पहिल्या सहांच्या मागं लावले. जुन्या कादंबऱ्या दोन भागांत असत, तशी ही असेल. नंबराशिवायचं पान ते खराब छपाईचं समजले. नागोराव पुठ्ठे विकत आणत नसत, रद्दीचे कागद एकावर एक खळीनं चिकटवून दाबून घरीच बनवत. खराब छपाईचं पान ओघानंच रद्दीच्या ढिगात गेलं, आणि त्या दिवशी इंद्रवेल्लीच्या रजिस्टराचे पुठ्ठे चालू होते.

शुक्रवारी, ७ फेब्रुवारीला, चाळीस पुस्तकं वाचनालयात परत गेली. शनिवारी सकाळी साडेआठला रेणुका दुकानाच्या पायरीवर उभी होती. रेणुका म्हणजे बाजारात मेथी-वांगी विकणाऱ्या आशाबाईंची मुलगी, नववीतली. दप्तर पाठीवर, पुस्तक छातीशी.

"आबाजी, काऊन असं केलं तुमी?"

"काय केलं, पोरी?"

"पुस्तक सरळ करून टाकलं!"

नागोरावांना वाटलं, कौतुक करते आहे. ते म्हणाले, "उलटं होतं, म्हनून सरळ केलं."

"ते उलटंच होतं! तसंच लिहिलं हाये ते!" तिचा आवाज चिरकला. मग ती पायरीवरच बसली आणि तिनं समजावून सांगितलं, तिची गणिताची बाई वर्गातल्या ढ मुलाला सांगते तसं.

एका घरात अवंती नावाची मुलगी राहते. तिला रोज फरशीखालून कुणाच्या तरी पावलांचा आवाज येतो. ही झाली एका बाजूची गोष्ट. पुस्तक उलटं करून दुसऱ्या टोकाकडून वाचायला घेतलं, की दुसरी अवंती. तिलाही रोज आवाज येतो, पण छतावरून. एक वर चालते, दुसरी खाली चालते, तळव्याला तळवा लागून. म्हणून एकीची पानं सुलट, दुसरीची उलट. वाचत जावं तशा दोघी पुस्तकाच्या मध्याकडं सरकत येतात. दोघींतली एकच जिवंत आहे. कोणती, ते मधल्या पानावर कळतं, जिथं दोघी भेटतात.

"मी दोन्हीकडून शहाण्णव वाचले," रेणुका म्हणाली. "मधलं पान राह्यलं होतं तं सुधाकरकाकानं पुस्तक काढून घेतलं, बांधाले द्याचं हाये म्हने. सव्वीस दिवस झाले, आबाजी. मले न्हानीत जाचं भेव वाटते. आवाज येते."

"कशाचा आवाज?"

"तेच तं माहीत नाई! पान कुठी हाये?"

नागोराव उठले, रद्दीच्या ढिगापाशी गेले, सगळा ढीग उपसून आले. मग दारापाशी उभे राहून म्हणाले, "इंद्रवेल्लीले गेलं."

ती शाळेत गेल्यावर त्यांनी स्वतःची बांधणी सोडली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. बारा जुज समोर मांडले आणि आकडे पाहिले. आकडे बरोबर होते. आकडे तेव्हाही बरोबरच होते. मग त्यांनी चष्मा पुसला आणि पहिल्या पानाची पहिली ओळ वाचायला घेतली, बोट ठेवून. दुसरं काही सरळ केलं असेल, तर ते आता मजकुरावरूनच कळणार होतं.

शनिवारी चाळीस पानं झाली. रविवारी कचेरी बंद, त्यामुळं दिवसभर तेच. अडलेला शब्द ते मथुराबाईंना विचारत. तिसऱ्या शब्दाला त्या भाजी चिरायची सोडून जवळ येऊन बसल्या, आणि पाचव्या शब्दाला म्हणाल्या, "आता मोठ्यानंच वाचा, मले बी कळू द्या."

दुपारी तीनला छपराच्या पत्र्यावर धपधप झालं. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"वानर हाये," मथुराबाई म्हणाल्या.

"वानरच," नागोराव म्हणाले, आणि बाहेर जाऊन बघून आले. वानरच होतं.

सोमवारी ते इंद्रवेल्लीला गेले. बसमध्ये कापसाचे गाठोडेवाले, दोन कोंबड्या, आणि खिडकीशी नागोराव, सदऱ्याच्या खिशातून एक जुज काढून ओठ हलवत वाचणारे. गोष्टीत इतके बुडाले, की इंद्रवेल्लीचा रस्त्याकडचा हुतात्मा स्तूप मागं गेल्यावर कंडक्टरनं हाक मारली, तेव्हा कुठं उठले.

कचेरीत पेशकार चंपतराव होते. रजिस्टराचं काम तेच देत.

"नागोराव? बिल तं पावलं तुमाले."

"बिलाचं नाई साहेब. रजिस्टराचे पुठ्ठे पायजेत."

"काऊन?"

"एक पोरगी अडकली हाये त्यात."

चंपतरावांनी पेन खाली ठेवलं. नागोरावांनी सगळं सांगितलं. शेजारच्या टेबलावरचे दोन कारकून ऐकायला सरकले.

"लोक इथी कोनाची जमीन कोनाच्या नावानं लागली ते पाहाले येतात," चंपतराव म्हणाले. "पुठ्ठा मांगाले आलेले तुमी पहिलेच. भुताची गोष्ट हाये?"

"हो."

"भूत कोन हाये मग?"

"ते त्या पानावर हाये."

दोघांतला एक कारकून म्हणाला, "द्या साहेब, नाई तं भूत दफ्तरातच राहीन."

रजिस्टर कचेरीबाहेर जाणार नाही, असं चंपतरावांनी बजावलं. पुठ्ठे न्या, पण बुधवारी साडेदहाला कचेरी उघडायच्या आत नवे आणून चढवा. नागोरावांनी तिथंच टेबलावर सुरीनं अस्तर कापलं, दोन्ही पुठ्ठे सुटे केले आणि उघड्या रजिस्टराला जुनं धोतर गुंडाळून, सुतळीनं बांधून दिलं. कोणत्या पुठ्ठ्यात पान आहे, ते त्यांना आठवत नव्हतं. मजकूर पाहिलाच नव्हता, तर आठवणार कुठून?

आता मागच्या पुठ्ठ्याचे चार थर सुटले होते. पाचवा थर पिवळट होता, कापसाच्या जाहिरातीचा. त्याचा कोपरा नागोरावांनी हाडाच्या पट्टीनं उचलला, आणि खाली एक ओळ दिसली, सुलट. तिच्या खालची उलट.

"मथुरा," ते हळू आवाजात म्हणाले, "पानी."

कोमट पाण्याची धार धरत धरत पान सुटायला वीस मिनिटं लागली. खळीत मोरचूद असतो, किडीसाठी. त्यानं कागद किंचित निळा झाला होता, आणि एका कडेला करंगळीच्या नखाएवढा टवका गेला होता, पण तो समासातला. अक्षर एकही गेलं नव्हतं. नागोरावांनी पान पालथ्या ताटावर घेतलं, टिपकागदानं टिपलं आणि अंगणातल्या दोरीवर दोन चिमट्यांनी लावलं. शेजारी मथुराबाईंचं लुगडं वाळत होतं.

मग ते पानाकडं पाठ करून बसले.

पावणेदहाला रेणुका आली. शाळा दहाची.

"निघालं?"

"दोरीवर हाये. हात नोको लावू."

ती धावली आणि दोरीशी थबकली. "तुमी वाचलं?"

"मी खालच्या अवंतीच्या एकाहत्तर पानावर हावो," नागोराव भिंतीकडं बघत म्हणाले. "तू सांगू नोको."

रेणुकानं सुलट ओळी वाचल्या. मग उलट्या ओळींसाठी मान वाकडी केली. जमेना. शेवटी दोरीखाली पाठ करून ती मागच्या मागं वाकली. रिबीन बांधलेली वेणी जमिनीवरच्या खळीच्या भांड्याला टेकली.

"अवं माय, वेनी खळीत जाऊन राह्यली!" मथुराबाई ओरडल्या. "शाळेतले पंतुलु मास्तर इचारन, हे काय लावून आली म्हनून."

रेणुका सरळ झाली. चेहरा लाल झालेला. पुन्हा एकदा वरून खालपर्यंत वाचलं. मग दप्तर उचललं.

"काय झालं मग?" मथुराबाईंना राहवेना. "कोन मेली होती? वरची का खालची?"

"असं सांगत नसतात, आजी. वाचा लागते."

"न्हानीचं भेव गेलं का?" नागोरावांनी भिंतीकडं बघतच विचारलं.

ती विचार करायला लागली. "न्हानीचं गेलं," ती म्हणाली, आणि शाळेला निघाली. फाटकापाशी थांबली. "माहा नंबर झाला, आबाजी. आता दोन नंबरच्या पोरीले द्या. आन् उलटंच शिवा."

"उलटंच शिवतो."

नागोरावांनी रद्दी पुढं ओढली. इंद्रवेल्लीचे नवे पुठ्ठे व्हायचे होते. पहिला कागद खळीच्या ब्रशखाली घेतला, आणि ब्रश तसाच धरून तो खालीवर वाचला. मग दुसरा.

"आता रद्दी बी वाचसान काय?" मथुराबाई म्हणाल्या. "मंग झाले पुठ्ठे."

बारापर्यंत दोन्ही पुठ्ठे शिकंज्यात दाबून झाले. जेवण झालं. नागोरावांनी दोरीकडं न बघता अंगण ओलांडलं, सावलीत बसले आणि एकाहत्तरावं पान उघडलं. पंचवीस पानं बाकी होती. ती आज संपली, तर दिवस मावळायच्या आत पुस्तक शिवून होईल, सहा जुज सुलट, सहा उलट, मध्ये निळं पान. पुठ्ठे मात्र कचेरी उघडायच्या आत पोचवायचे आहेत. इंद्रवेल्लीला जाणारी पहिली बस उद्या सकाळी सव्वासातला सुटते.